दुसऱ्याच्या हाताचं अक्षर

पलूसच्या माझ्या छपाईच्या दुकानात येणाऱ्या एका मावशींना 'बसा' म्हटलेलं आवडत नाही. त्या उभ्यानंच बोलतात, आणि काही पटलं नाही की पदर खोचतात. त्यांच्या कांदा-लसूण चटणीच्या बरण्यांवर त्यांना हातानं लिहिल्यासारखं अक्षर हवं होतं. मी एकेक दाखवत गेलो, त्या उडवत गेल्या. "ह्ये लय नटलंय. ह्ये पळत सुटलंय." मग एकापाशी थांबल्या आणि स्क्रीनवर बोट ठेवलं.

"ह्ये कुणाचं अक्षर हाय रं?"

"कुणाचं न्हाई, मावशी. फॉन्ट हाय त्यो."

"आरं, पर पयल्यांदा कुणीतरी हातानं काढलंच असंल की."

हे मला आजवर कुणी विचारलं नव्हतं. शोधलं, तर खरंच एका मुलीचं नाव निघालं. ती कुठली, ते मात्र कळेना. मी म्हणालो, "तिनं फुकट वापराय दिलंय. काळजी करू नका."

"फुकट दिलंय म्हणून काय झालं?" त्यांनी पदर खोचला.

लेबलं घेऊन गेल्या. पहिल्या बरण्या भरून झाल्यावर पुन्हा आल्या आणि एक बरणी माझ्यापुढं ठेवली.

"ह्यो तिचा वाणवळा. रानातली पयली शेंग शेजारी देतो, तसा. पत्ता लागला की धाड."

मी बरणी उजेडात धरली. त्यांच्या नेहमीच्या चटणीपेक्षा रंग फिका होता. मी काही विचारायच्या आत त्याच म्हणाल्या, "तिखट कमी घातलंय. कुठल्या मुलखातली पोर हाय कुणाला ठावं, तिला सोसाय पायजे."