काळ्या डोक्याचा दगड आणि कंधारची बस

भूकंपानंतर आमच्या भागात नवे रस्ते झाले. जुना राज्य महामार्ग वाकडी वाट करून आमच्या गावातून अहमदपूरला जायचा. नवा रस्ता शेतांतून सरळ गेला आणि जुन्याचं नाव राज्य महामार्गांच्या यादीतून निघालं. एक दिवस बांधकाम खात्याचा माणूस आला नि आमच्या मैलाच्या दगडाचं राज्य महामार्गाचं हिरवं डोकं साध्या जिल्हा रस्त्यासारखं काळं करून गेला. “गावाच्या तोंडाला काळं फासलं!” आत्या कडाडली. दोन दिवस घरात सुतक असल्यासारखं होतं.

खरं दुःख वेगळंच होतं. मी तेव्हा लातूरला क्लासला होते. मी डॉक्टर होणार, असं मी सोडून सगळ्यांनी ठरवलं होतं. माझा डबा रोज सकाळी कंधार-लातूर बसने यायचा. आता बस फाट्यावरून सरळ पळू लागली आणि मी खानावळीच्या पाणचट वरणावर वाळू लागले. फाट्यावर जाऊन डबा देता आला असता, पण गाडी दारावरूनच गेली पाहिजे, हा आत्याचा हट्ट. शिवाय दरवर्षी ती तूर डांबरावर पसरायची आणि एसटीची चाकं ती फुकटात मळून द्यायची.

मग तिने फाट्यावर, नव्या रस्त्याला बाभळीच्या फांद्या आडव्या टाकल्या. “पुढं रस्ता खचलाय,” असं ड्रायव्हरला सांगितलं आणि बस जुन्या रस्त्याला लागताच शेतातून धूम ठोकली. तुरीवरून कडकड करत बस गावात पोचली, तेव्हा आत्या डबा घेऊन हजर. धापा टाकत.

ड्रायव्हर कंधारचे, पिकल्या दाढीचे. सगळे त्यांना चाचा म्हणत.

“मौसी, आत्ता फाट्यावर तुम्हीच होता ना?”

“न्हाई. ती माझी बहीण.”

“लुगडी बी एकसारखीच?”

“हाव. संगंच घेतली.”

चाचा पोट धरून हसले. आत्याने त्यांच्या हातावर दोन धपाटे आणि ठेचा ठेवला. दुसऱ्या दिवशी फांद्या नव्हत्या, तरी बस वळली.

पुढे रमजान लागला. चाचांना रोजा. आता लाच कशाची द्यायची, म्हणून आत्याचा जीव टांगणीला. बस मात्र आलीच. “बांधून द्या, रोजा सोडताना खातो,” चाचा म्हणाले. त्या महिन्यात त्यांचा डबा माझ्या डब्यापेक्षा मोठा असायचा, याचा मला अजून राग आहे.

परीक्षा संपली. मी वळकटी घेऊन त्यांच्याच परतीच्या बसने गावात उतरले; आत्या न्यायला आली होती. चाचांनी गाडी हलवली नाही.

“बेटी तर घरी आली. आता उद्या कायच्या निमित्तानं वळू?”

आत्याने माझी वळकटी उचलली आणि पाठ फिरवून घराकडे निघाली. तिला असं पाठ फिरवताना मी पहिल्यांदाच पाहत होते, आणि मला फार वाईट वाटलं.

दुसऱ्या सकाळी चुलीवर धपाटे दिसले. मी ताट घेऊन बसले.

“ऊठ,” आत्या म्हणाली. “तुझ्यासाठी कोण करून राहिलं?”

डबा घेऊन ती त्या काळ्या डोक्याच्या दगडाजवळ जाऊन उभी राहिली, आणि तिच्यामागे मीही रस्त्यात. बसची वेळ टळली, तरी हलेना. अखेर फाट्याकडून हॉर्न ऐकू आला, तेव्हा पदर सावरत ती माझ्यावरच ओरडली, “बाजूला हो की! महामार्ग हाय ह्यो!”