मोडिक की मोडीत

माझी वहिनी यशोधरा राहात्याहून पेरूचा टेम्पो भरून नगरला नेते. बाई टेम्पो चालवते म्हणून सुरुवातीला चौकातली माणसं माना वळवून बघायची, आता मुकाट्यानं वाट देतात. अकरा वर्षं झाली. मी सीमा, तिची नणंद, शाळेत शिकवते. मला तिचा अभिमान वाटतो, आणि खरं सांगायचं तर थोडा हेवाही!

गेल्या थंडीत तिची कंबर धरली. उठल्यावर अर्धा तास सरळ उभं राहता येईना. गोळ्या झाल्या, शेक झाला, एक्स-रेत विशेष काही दिसेना. शेवटी एमआरआय काढायचा ठरला. मी शाळेत अडकले आणि बाईसाहेब एकट्याच गेल्या.

तिथल्या पोरीनं रिपोर्ट वाचून दाखवला, "खालच्या मणक्यांत मोडिक बदल आहेत."

वहिनीनं ऐकलं, मोडीत.

जन्म गाड्यांत गेलेली ती! म्हातारी गाडी मोडीत निघते, तशी आपली पाठ निघाली, असं तिनं धरून टाकलं. कुणाला विचारेल तर शपथ. दोन दिवसांनी मी तिच्या घरी गेले, तर गाड्या घेणारे-विकणारे भिमाजी दारात टेम्पोचे टायर दाबून बघत होते.

"वहिनी, काय चाललंय हे?"

"ताई, पाठ मोडीत निघाली माजी. कागदातच लिवलंय. आता इस्टेरिंग धरून काय करू?" एवढं बोलून ती रडायला लागली. अकरा वर्षांत मी तिला रडताना पाहिलं नव्हतं.

मी कागद हिसकावला. मलाही धड कळेना, पण मोडीत हा शब्द त्यात कुठंच नव्हता! भिमाजी म्हणाले, "मी सुक्रवारी गाडी न्यायला येतो." मनात म्हटलं, याच तुम्ही.

गुरुवारी आम्ही नगरला हाडांच्या डॉक्टर मनवांकडे बसलो होतो. घडलेलं ऐकून त्या आधी पोटभर हसल्या. "अहो, मोडिक हे एका डॉक्टरांचं आडनाव आहे, त्यांनी मणक्यातल्या या बदलांचे प्रकार पाडले! दोन मणक्यांमधली गादी झिजली, आणि तिच्या लगतच्या हाडातली मज्जा सुजली. हा पहिला प्रकार, सुजेचा."

"मज्जा? मंग क्यान्सर हाय का?"

"नाही. जंतूंचा संसर्गही वाटत नाही, तरी रक्त तपासून खात्री करू."

वहिनीनं पदर मुठीत आवळला. "टेम्पो चालवता येईल का, तेवढं सांगा."

"येईल! पण सहा आठवडे विश्रांती, म्हणजे झोपून राहणं नव्हे. रोज चालायचं, व्यायाम करायचा, क्रेट उचलायचे नाहीत, आणि मिश्री लावता ती बंद, तंबाखूनं गादी आणखी झिजते. गाडी सुरू केल्यावर दर अर्ध्या तासानं उतरायचं. सूज उतरायला महिने लागतील, थोडं दुखणं राहीलही. ऑपरेशनची आज गरज नाही. मात्र पायातली ताकद गेली किंवा लघवी अडली, तर तडक यायचं."

रक्ताचा रिपोर्ट संध्याकाळी आला, स्वच्छ! मी बसस्टँडवरच तिला मिठी मारली. लोक बघत होते, बघू देत.

शुक्रवारी भिमाजी आले. वहिनी दारात ताठ उभी, म्हणजे जमेल तितकी ताठ. "गाडी न्हाई द्यायची. च्या घ्या आन् जावा."

मिश्री सुटेपर्यंत तिनं घर डोक्यावर घेतलं, ते वेगळं सांगायला नको. व्यायाम मात्र एक दिवस चुकवला नाही. सातव्या आठवड्यात चेतन, तिचा भाचा, क्रेट भरायला आला आणि मी हट्टानं शेजारी बसले. कोल्हारच्या पुलाआधी तिनं टेम्पो बाजूला घेतला, उतरली, कंबरेवर हात ठेवून दहा पावलं गेली, दहा आली. दुखत होतं, चेहऱ्यावर दिसत होतं.

"वहिनी, परत फिरू या का?"

ती सीटवर चढली, गिअर टाकला.

"नगर तिकडं हाय, ताई."