सात इंच आत

आरीमावशीच्या दुकानासमोर एक लाकडी बाक आहे. तो चार माणसांपुरता, पण हॉकीच्या दिवसांत त्यावर सात जण मावतात आणि सातही जण एकदमच बोलतात.

मावशीचं खरं नाव दुकानाच्या पाटीवरसुद्धा नाही. तिथे नुसतं 'चामड्याच्या वस्तूंची दुरुस्ती' एवढंच आहे. चामड्याला भोक पाडायची टोकदार आरी पन्नास वर्षं तिच्या हातात, म्हणून ती आरीमावशी. हातातली आरी जास्त टोचते की जिभेवरची, यावर बाकावर एकदा पैज लागली होती. निकाल लागला नाही, कारण खात्री करून घ्यायला कोणी पुढे झालं नाही.

तिचे वडील खोगिरं शिवायचे. घोडे गेले, मोटारी आल्या, तेव्हा ते हात चोळत बसले नाहीत. बॅगा शिवू लागले, आणि शेजारी बसवून मुलीलाही शिकवू लागले. ती सातवीपर्यंत शाळेत गेली आणि मग दुकानात. लग्न झालं ते गिरणीतल्या फिटरशी. लग्नानंतर पंधराव्या दिवशी नवऱ्याने बायकोसाठी घरी काय आणलं, तर त्याच्या संघाच्या गोलकीपरचे फाटलेले पॅड. तिने ते शिवले, आणि टाके टिकतात का ते पाहायला रविवारी मैदानावर गेली. टाके टिकले, संघ हरला, आणि तिला हॉकीचं वेड लागलं ते लागलंच. तेव्हापासून अडतीस वर्षं तिची जागा ठरलेली: तिसरी पायरी, पाण्याच्या नळाजवळ, गोलपासून हाकेच्या अंतरावर.

नवरा जाऊन अकरा वर्षं झाली. दुकानासमोरचा बाक त्यानेच ठोकला होता. मुलगा परदेशात असतो आणि दर पंधरवड्याला फोनवर म्हणतो, "आई, आता पुरे कर ते दुकान." ती म्हणते, "थकले की कळवीन. तू तेवढा फोन करायला थकू नकोस."

त्या वर्षी पाच सामन्यांची मालिका होती. तीन जिंकेल तो संघ वरच्या गटात जाणार. आपला संघ दोन-एक असा पुढे होता. चौथा सामना शनिवारी झाला, बरोबरीत चालला होता, आणि शेवटच्या मिनिटाला त्यांच्या डाव्या बाजूच्या पोराने चेंडू मारला. आपल्या गोलकीपरने तो पायाने अडवला. पंचाने शिट्टी फुंकली आणि हात मैदानाच्या मध्याकडे केला. गोल. मालिका दोन-दोन.

पंच म्हणजे एका शाळेतला ड्रॉइंग मास्तर, किडकिडीत, जाड चष्म्याचा. त्या क्षणी सगळ्या मैदानात पहिला आवाज उठला तो नळाजवळून. "रेघा मारायला शिकवतो आणि याला समोरची रेघ दिसत नाही," असं मावशी म्हणाली. संध्याकाळपर्यंत ते वाक्य शहरभर झालं होतं.

सोमवारी सकाळी बाक भरलेला. जोड्यांच्या दोन सुट्या टाचा उभ्या करून निवृत्त बस ड्रायव्हरने गोल तयार केला. पॉलिशची डबी म्हणजे चेंडू.

"हा खांब. ही रेषा. चेंडू इथं. इथं म्हणजे इथंच, रेषेवर."

"अर्धा रेषेवर," दवाखान्यातला कंपाउंडर म्हणाला.

"अर्धा आत म्हणजे आत नव्हे. पूर्ण गेला पाहिजे. नियम वाच जरा."

"नियम मला नका सांगू. तीस वर्षं डॉक्टरांचं अक्षर वाचलंय मी."

"तुझ्या मोबाईलात घेतलं होतंस ना? दाखव की."

"दाखवतो, पण त्यात टोपी दिसते."

"कोणाची?"

"पुढच्या माणसाची."

"शाबास. तू इंजेक्शनसुद्धा असंच देत असशील." ड्रायव्हरने डबी पुन्हा रेषेवर ठेवली. "अहो, पोरानं फळीला पाय रोवला, पट्टा तुटेपर्यंत रोवला. उठला तेव्हा पट्टा लोंबत होता. अख्ख्या मैदानानं पाहिलंय. वहिनींनीही पाहिलंय."

"पाहिलंय," मावशी आतून म्हणाली. ती एका सुटकेसची मूठ बसवत होती.

तेवढ्यात क्लबचे सेक्रेटरी आले. एका हातात पॅडची पिशवी, दुसऱ्या हातात टाइप केलेला कागद. समितीकडे तक्रार गेली होती, गुरुवारी सुनावणी होती. तक्रार मान्य झाली तर चौथा सामना पुन्हा खेळवला जाणार. शिवाय या पंचाविरुद्धची ही तिसरी तक्रार; ती सिद्ध झाली की त्याचं नाव पंचांच्या यादीतून कायमचं कटणार.

"मावशी, तुम्ही यातल्या तज्ज्ञ," सेक्रेटरी म्हणाले.

"काम उशिरा झालं की लोक मला काय काय म्हणतात ते ठाऊक आहे. तज्ज्ञ आजच ऐकते."

तिने चष्मा लावून कागद वाचला. पॅडची बारकाईने तपासणी केली असता चेंडू गोलरेषेवरच अडवल्याचे स्पष्ट होते, असं त्यात होतं. खाली तिच्या सहीपुरती जागा.

"तपासणी केली असं लिहिलंय."

"हो."

"मी अजून पिशवीची गाठ सोडली नाही."

"तुम्ही सही करा, मग सावकाश तपासा की."

बाकावर हशा पिकला. मावशीही हसली, पण कागद तिने चामडं कापायच्या रापीखाली दाबून ठेवला. "उद्या संध्याकाळी या," म्हणाली.

दुपारी गर्दी पांगल्यावर तिने पॅड मांडीवर घेतलं. पोटरीवरचा पट्टा तुटला होता, आणि बाहेरच्या बाजूचं बक्कल मागे वळलं होतं. त्याच्या खाचेत काहीतरी भरलं होतं. आरीच्या टोकाने तिने ते उकरलं. गडद निळा रंग. गोलच्या आत, दोन्ही बाजूंना ज्या बुटक्या फळ्या असतात, त्यांचा. चौथ्या सामन्यासाठी त्या नुकत्याच रंगवल्या होत्या.

पाय फळीला नेमका कुठं घासला, ते आता मोजता येणार होतं. आपली जीभ शनिवारी काय बोलली तेही तिला आठवलं.

मंगळवारी सकाळी मोजपट्टी घेऊन ती मैदानावर गेली. माळ्याला म्हणाली, "पाच मिनिटं," आणि गोलमध्ये फतकल मारून बसली. फळीवर ताजा ओरखडा होता, एकच, बक्कलाच्या उंचीवर. रेषेपासून तिने मापलं: अठरा इंच. बक्कलापासून पॅडच्या पुढच्या अंगापर्यंत आठ. चेंडू तीन इंचांचा. तिने तीनदा मोजलं, आणि तिन्ही वेळा तेच आलं. पट्टा तुटला त्या क्षणी चेंडू रेषेवर नव्हता. सगळाच्या सगळा, सात इंच आत होता.

दुकानात परतली तर गोलकीपर पायरीवर बसलेला. तो तिच्या दिराचा मुलगा.

"काकू, पॅड झालं?"

"पाय कुठं होता तुझा?"

तो जमिनीकडे पाहू लागला. "मागं गेला होता थोडा."

"मग रेषेवर होता असं का सांगत फिरतोस?"

"मी नाही सांगितलं. सगळेच म्हणत होते. इतके म्हणाले की मलाही तसंच वाटायला लागलं." मग हळूच म्हणाला, "तू सही केलीस तर सामना पुन्हा होईल, काकू. या वेळी सोडत नाही मी."

"आणि मास्तर?"

"तो काय आपला आहे?"

"नाही. म्हणून तर मोजायला गेले. आपला असता तर न मोजताच सोडला असता."

संध्याकाळी तिने सहीविना कागद परत केला आणि मापं सांगितली. सेक्रेटरींचा चेहरा पडला. कंपाउंडर म्हणाला, फळीवरचा ओरखडा जुना असेल. मावशी म्हणाली, रंग आठ दिवसांचा, मग ओरखडा किती जुना असेल ते तूच सांग. शेवटी ड्रायव्हर उभे राहिले. ते तिच्या नवऱ्याचे मित्र, त्याच्या तिरडीला खांदा दिलेले.

"वहिनी, तो असता तर त्यानं सही केली असती."

"तो असता तर त्यानं आधी माप घेतलं असतं. फिटर होता तो."

"घरचं माणूस उलटलं म्हणायचं मग. आम्ही नाही बसणार या बाकावर."

"नका बसू. बाकालाही तेवढाच आराम."

बुधवारी बाक रिकामा राहिला. क्लबचा माणूस येऊन उरलेले पॅड आणि हातमोजे पोत्यात भरून घेऊन गेला. जाऊबाईंनी फोनवर सुनावलं की पोराच्या ताटात माती कालवलीस. मावशीने ऐकून घेतलं आणि पुतण्याच्या पॅडचा पट्टा दुहेरी टाक्याने शिवायला घेतला. बक्कल तेवढं नवं बसवलं. जुनं कागदात बांधून पर्समध्ये ठेवलं.

तिला सुनावणीला कोणी बोलावलं नव्हतं. गुरुवारी अकरा वाजता ती आपणहून गेली. समितीच्या खोलीत तीन माणसं टेबलामागे, एका बाजूला सेक्रेटरी, दुसऱ्या बाजूला मास्तर, मांडीवर फाईल. मावशीने बक्कल टेबलावर ठेवलं, मोजपट्टी ठेवली, आणि दोन मिनिटांत सगळं सांगितलं.

"तुम्ही कोणाच्या बाजूच्या?" मधल्या गृहस्थांनी विचारलं.

"आमच्या संघाच्या. अडतीस वर्षं."

"मग?"

"मग काय? गोल झाला."

समितीचा माणूस मैदानावर जाऊन ओरखडा मापून आला. साडेबाराला तक्रार फेटाळली गेली. मास्तरची शिट्टी वाचली; रविवारचा पाचवा सामनाही त्याच्याकडेच राहिला.

बाहेर फाटकाशी बाकावरची सगळी मंडळी उभी होती. मावशी पायऱ्या उतरू लागली, तसा मास्तर मागून लगबगीने आला.

"बाई, तुमचे आभार कसे मानू?"

"मानू नका. तुमच्यासाठी नाही केलं. शनिवारी मी तुम्हाला बोलले ते चुकीचं होतं, ते मागं घेते. पण दुसऱ्या सामन्यात आमच्याविरुद्ध तुम्ही पेनल्टी कॉर्नर दिलात, तो साफ चूक होता."

मास्तर थबकला. "पायाला लागला होता चेंडू."

"स्टिकला लागला होता. तुम्ही कुठं होता तेव्हा?"

"वर्तुळाच्या कडेला."

"मी नळाजवळ होते. तुमच्यापेक्षा दहा पावलं जवळ."

मास्तरने खिशातून पेन्सिल काढली आणि फाईलच्या पाठीवर आकृती काढायला घेतली. "हे पाहा, तुमचा खेळाडू इथं..."

"तिथं नाही, आणखी डावीकडे. आणि तुमच्यामध्ये आडवा कोण होता ते काढा आधी."

मास्तरने एक ठिपका वाढवला, जरा विचार केला, आणि खोडला. शिपाई दाराला कुलूप लावून दोघांना वळसा घालून निघून गेला. फाटकाशी ड्रायव्हर आधी एका पायावर, मग दुसऱ्या पायावर भार देत उभे होते. मावशीशी बोलायचं नाही असं त्यांनीच सगळ्यांकडून वदवून घेतलं होतं.

"वहिनी," अखेर ते तिथूनच म्हणाले, "पहिल्या सामन्याचंही विचारा त्यांना. ते ढकलाढकलीचं."

मावशीने मान वळवली नाही. "तुम्हाला तोंड आहे ना? या इकडे आणि स्वतः विचारा."

ड्रायव्हर दोन पायऱ्या वर चढले.