बुरुलताईच्या चेहऱ्यावरचे डाग

बुरुलताईचा विषय निघाला की मला आधी तिच्या नवऱ्याचा राग येतो. चौतीस उन्हाळे ती डोंगरावरच्या सुसामीरच्या कुरणावर घोड्या दोहते आहे. शिंगरं दिवसभर दोरीला बांधून ठेवायची आणि दर दोन तासांनी त्यांच्या आयांचं दूध काढायचं, तेही भर उन्हात गुडघा टेकून. डोक्याला रुमाल, चेहरा उघडाच.

मी गावची नर्स. त्या दिवशी लस टोचायला जीपनं वर गेले, तर ताई तोंडाला दही फासून उन्हात बसलेली.

"हे काय?"

"डाग जातात म्हणे. उन्हात वाळवलं की जास्त गुण येतो."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "अगं, उन्हानं आलेले डाग उन्हातच बसून घालवतेस?"

एसेनकुलदाजी तंबूच्या सावलीत, डोक्यावर रुंद काठाची, दाबलेल्या लोकरीची टोपी चढवून कुमिस, म्हणजे घोडीचं आंबवलेलं दूध, पीत होते. म्हणाले, "तिचं लिव्हर बिघडलंय. चरबीचं खाणं बंद केलंय मी तिचं. आणि वय झालं की डाग येणारच."

रोग रेड्याला नि औषध पखालीला. मी ताईची बाही कोपरापर्यंत सारली. मनगटाखाली डागच डाग, वर कातडी स्वच्छ.

"हा हात काय दोन वयांचा आहे, दाजी? लिव्हरला बाही दिसते का? टोपी द्या तिला. तोंडाहाताला उन्हाचं मलम लावू दे, आणि दुपारचं दूध तुम्ही काढा."

"बाईच्या डोक्यावर पुरुषाची टोपी? लोक तोंडात शेण घालतील. नि घोड्या दोहणं बायकांचं काम."

मी ताईचं तोंड पुसलं, तेव्हा कानशिलावरचा एक डाग दिसला. काळाकुट्ट, कडा वेड्यावाकड्या.

"हा कधीपासून?"

"वसंतात मसुरीएवढा होता." आता नखाएवढा झाला होता.

"हा वयाचा डाग नाही वाटत मला. उद्याच शहरात दाखवायचा. काही नसेलही, पण असलं तर उशीर जिवावर बेतेल."

"हंगाम संपू दे," दाजी म्हणाले. "इतकं दूध कोण काढणार?"

मेल्याला बायकोपेक्षा दूध महाग. माझ्या जिभेवर शिवी आली होती, तेवढ्यात ताई उठली. दोरीपाशी गेली आणि एकेक शिंगरू सोडत निघाली. चौदाच्या चौदा. शिंगरं धावत सुटली नि आपापल्या आयांना लुचू लागली.

"अगं ए, वेड लागलं का तुला?" दाजी ओरडले.

"संपला तुमचा हंगाम," ताई म्हणाली, आणि माझ्या जीपमध्ये जाऊन बसली.