पॅटर्न मिस्त्रींशी धरलेला अबोला

परवा आमच्या ऑफिसात दोघांचं बिनसलं. चौघं मिळून एकच मशीन डिझाइन करताहेत आणि त्यातले दोघं शेजारी बसून एकमेकांना ईमेल पाठवताहेत. एक जण वर मलाच शहाणपणा शिकवतो, "मॅडम, कामात भावना आणायच्या नाहीत, हे कळतं आम्हाला." बाळा, त्या काय आपण आणतो? डब्याबरोबर आपसूक येतात. मला मात्र हातकणंगल्याच्या बाजूचं आमचं जुनं वर्कशॉप इतकं आठवलं, की दुपारी घास गोड लागला नाही.

तेव्हा मी वारणानगरला शिकून नुकतीच इंजिनिअर झाले होते. मालकांनी मला घेतलं ते लहान कडबाकुट्टीचं, म्हणजे वैरण कापायच्या यंत्राचं, डिझाइन करायला. दोन-चार म्हशींच्या घरात बाईला एकटीला चालवता यावी, अशी. मी ड्रॉइंग काढायचं, त्यावरून मिस्त्रींनी लाकडाचा हुबेहूब नमुना, म्हणजे पॅटर्न करायचा, आणि त्या पॅटर्नवरून फौंड्रीत लोखंड ओतून यायचं. मिस्त्री मंगळवार पेठेतले, साठीच्या पुढचे. सगळे त्यांना चाचा म्हणत, मीही म्हणायचे. दुपारी एकला त्यांच्या बाकावरचा भुसा पुसून आम्ही डबे उघडायचो आणि जेवता जेवता डिझाइनवरून भांडायचो. "हे कुणी काढलं? ह्यात हात घालून दाव की," असं म्हणत चाचा ड्रॉइंगवर बोट आपटायचे. मी चिडायचे. मग ते आपल्या भाकरीतली अर्धी माझ्या डब्यात टाकायचे. फार चांगले दिवस होते ते, आणि ते चांगले आहेत हे मला तेव्हा कळत नव्हतं.

एक दिवस गिऱ्हाईक म्हणून दोन दुकानदार आले होते. त्यांच्यासमोर चाचा मला म्हणाले, "कुट्टीचं तोंड चार बोटं खाली घे. बाईमाणसाला वैरण सारताना खांदा उचलाय लागतोय." मला ते झोंबलं. मी म्हटलं, "चाचा, ड्रॉइंगमध्ये आहे तेवढंच करा. डोकं लावायला मी आहे."

झालं. अबोला सुरू. माझ्यापासून दोन हातांवर बसून चाचा चहाच्या किटलीला सांगायचे, "इंजिनिअरांनी ड्रॉइंग दिलं तर काम पुढं सरंल." मी काय कमी होते? मी भिंतीला सांगायचे, "बाकावर ठेवलंय." दुपारी ते भिंतीकडे तोंड करून जेवायचे. बाकीचे गालातल्या गालात हसायचे.

आता त्यातून काय निपजलं ते सांगते. ओतलेलं लोखंड थंड होताना थोडं लहान होतं. म्हणून पॅटर्न मुळातच जरा मोठा करतात. ही घट नेहमी चाचाच धरायचे. त्यासाठी त्यांची वेगळी पट्टी होती, तिच्यावरचे आकडेच किंचित ताणलेले. पण माझ्या मनात आलं, ह्या माणसावाचून आपलं अडायला नको. मी घट ड्रॉइंगमध्येच धरून टाकली आणि कुणालाही सांगितलं नाही. एरवी चाचा प्रत्येक माप मला मोठ्यानं वाचून दाखवायचे, तिथंच ते उघडं पडलं असतं. या वेळी त्यांनी ड्रॉइंग मुकाट उचललं आणि आपल्या पट्टीनं काम केलं. घट दोनदा धरली गेली.

लोखंडी बॉडी ओतून आली आणि रोलर तिच्या भोकात डुगडुगायला लागला. मोठं झालेलं भोक काही घासून लहान होत नाही. मालकांचा पारा चढला. सगळ्यांसमोर ते म्हणाले, "मिस्त्री, डोळं गेलं तुमचं. आता बास करा. उद्यापासनं येऊ नगा."

चूक कुठं झाली ते मला त्याच क्षणी कळलं होतं. चाचांनी माझ्याकडे बघितलं. मी बॉडीकडे बघत राहिले. खोटं कशाला सांगू, भीती होतीच, पण मनात हेही आलं, बरी खोड मोडली. चाचा डबा उचलून निघून गेले.

दोन दिवस मी तसेच काढले. रविवारी सकाळी त्यांच्या घरी गेले. चाचीनं चहा दिला, तो तसाच बाजूला ठेवला. सगळं सांगून टाकलं. चाचा ऐकून घेऊन म्हणाले, "मला कशाला सांगतीस? जितं गप बसलीस, तितं बोल."

सोमवारी जेवणाच्या वेळी सगळ्यांसमोर बोलले. मालक माझ्यावर उखडले, "मग तवा काय तोंडात मिठाची गुळणी धरलीवती व्हय?" आणि तिथल्या तिथं मला मोटरसायकलवर मागे बसवून मंगळवार पेठेत आले. दारातूनच म्हणाले, "चला चाचा, पोरीनं सांगितलं. चूक तुमची न्हाय."

"निम्मी माजी हायच की," चाचा म्हणाले. "मी इचाराय पायजे व्हतं, रुसून बसलो. पर मालक, पोरीला बोलाय तीन दिस लागलं. तुमी तर इचारलंच न्हाईसा. पंचवीस वर्सं काम घेतलंसा, 'चाचा, काय झालं?' एवढं तोंडातनं निघालं न्हाय."

मालकांनी जाऊन मोटरसायकल चालू केली.

दुसरा पॅटर्न चाचांनी करून दिला, पण घरी, सोप्यात, म्हणजे पुढच्या पडवीत, बसून. मी रोज जायचे. आम्ही पुन्हा सुतासुताच्या मापावरून भांडलो, इतकं की आतून चाची ओरडायची, "अवो, शेजारी काय म्हणत्याल?" तोंड चार बोटं खाली घेतलं. मी स्वतः टोपलीभर वैरण सारून बघितली आणि म्हटलं, "चाचा, तुमचं बरोबर होतं." ते म्हणाले, "मग तेच सांगत न्हवतो व्हय?" त्या आठवड्याइतकी सुखी मी कामात पुन्हा कधी झाले नाही.

पॅटर्न न्यायला टेम्पो आला. मी म्हटलं, "चला की चाचा, जोडणी बघायला." त्यांनी पॅटर्नखाली पोतं नीट सारलं, दोरी ओढून बघितली.

"तू जा," ते म्हणाले. "मला तितनं सगळ्यांसमोर घालवलंय, पोरी. बोलवाय मातूर मालक घरी आलं."

मी एकटीच पुढं बसले. ते त्या वर्कशॉपमध्ये पुन्हा कधी आले नाहीत.