बिऱ्हाड आणि चौदा हाका

नोव्हेंबरात निखिलदादाचा फोन आला तेव्हा मी मॉरिसव्हिलच्या माझ्या अपार्टमेंटमध्ये कपड्यांच्या घड्या घालत होते. निखिलदादा माझा मावसभाऊ, शिकागोजवळ शॉमबर्गला असतो. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: आईबाबा दर हिवाळ्यात ओहायोतलं घर बंद करून आरव्ही, म्हणजे चाकांवरचं घर, घेऊन दक्षिणेच्या किनाऱ्याला जातात, बाबा आता बहात्तरचे झाले, पंचवीस फुटी गाडी अजून किती दिवस झेपणार? तू आठवडाभर त्यांच्याबरोबर राहा, नीट बघ आणि मला सांग, ठेवायची की विकायची.

"तू टेस्टिंगवाली आहेस. तुझं ते ऐकतील. मी बोललो की इमोशनल होतोय म्हणतात."

मी गाड्यांच्या ब्रेकची चाचणी करते, माणसांची नाही. तरी हो म्हटलं. विमानाचं तिकीट त्यानेच काढलं. मावशीला मी कळवलं की सुट्टी शिल्लक आहे आणि समुद्र बघायचाय. दोन्ही गोष्टी खऱ्या होत्या. त्यामुळे आपण खोटं बोललो नाही, असं तेव्हा मला वाटलं.

जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात फ्लोरिडातल्या पेन्साकोलाला उतरले. सुधामावशी आणि श्रीकांतकाका विमानतळावर आरव्ही आणू शकत नाहीत, म्हणून टॅक्सीने कॅम्पग्राउंडपर्यंत गेले. गाडीचं नाव 'बिऱ्हाड'. पुढे ट्रकसारखी केबिन, वर झोपायचा माळा, मागे स्वयंपाकघर, पलंग आणि विमानातल्यापेक्षा जेमतेम मोठी न्हाणी. माळा माझा. पहिल्या सकाळी उठून बसले आणि छताला डोकं आपटलं. रोज आपटलं.

तिथली वाळू खरोखर पांढरी आहे, गॉगल लागतोच. थंडी साधारण पुण्याच्या डिसेंबराइतकी. समुद्रात उतरायचं मनात असेल तर एप्रिलात या. जायचं ठरवत असाल तर एक आधीच सांगते: स्टेट पार्कमधल्या जागा रात्रीला चाळीस-पन्नास डॉलरच्या आत मिळतात, पण हिवाळ्यासाठी कित्येक महिने आधी बुक होतात. खाजगी कॅम्पग्राउंड दीडपट-दुप्पट. दुसरं, विजेची जोडणी बहुतेक तीस अँपची असते. हीटर आणि मायक्रोवेव्ह एकदम लावलात की अंधार. हे मी पहिल्याच संध्याकाळी करून पाहिलं.

दुसऱ्या दिवशी निघताना मी ती गोष्ट पहिल्यांदा बघितली. काका गाडीच्या पुढे उभे, हातात प्लास्टिकच्या पाकिटातला कागद. मावशी गाडीभोवती फिरते. काका हाक देतात, मावशी उत्तर देते.

"वीज?"

"काढली."

"पाणी?"

"काढलं."

"सांडपाणी?"

"काढलं. झाकण घट्ट."

पायरी, गॅस, छतावरची खिडकी, फ्रिजची कडी, अशा चौदा हाका. काकांनी ओहायोत पस्तीस वर्षं पुलांची तपासणी केली. तिथे एकाने वाचायचं, दुसऱ्याने जागेवर जाऊन सांगायचं, ही पद्धत. मावशी हॉस्पिटलात फार्मासिस्ट होती, तिला हे शिकवावं लागलं नाही. मी मोबाईलवर नोंद केली: 'निघण्याआधीची तपासणी, उत्तम.'

पुलांचा मात्र वेगळाच नियम निघाला. मोठा पूल जवळ आला की काका पेट्रोल पंपावर गाडी थांबवतात आणि मावशी चालवायला बसते. मी कारण विचारलं.

"यांना पूल दिसला की हे रस्त्याकडे बघत नाहीत," मावशी म्हणाली. "सांधे बघतात. कठडे बघतात. एकदा मोबीलच्या पुलावर समोरच्या ट्रकपेक्षा खालच्या खांबाकडे जास्त लक्ष होतं."

"त्या खांबाला तडा होता," काका म्हणाले.

"आणि मला धडकी भरली होती."

शिवाय दिवसाला अडीचशे मैल किंवा दुपारचे तीन, जे आधी होईल तिथे थांबायचं. काकांना संध्याकाळच्या तिरप्या उन्हात ब्रेक लावायला किंचित उशीर होतो, हे मला दुसऱ्या दिवशी, मुक्कामाला पोहोचायला उशीर झाला तेव्हा, एका सिग्नलला जाणवलं. मी तेही लिहिलं. त्यांनी तीनचा नियम त्याचसाठी केला होता हे तेव्हा माहीत नव्हतं.

अलाबामातल्या गल्फ शोअर्सहून डॉफिन बेटावर फेरीने, म्हणजे गाड्या वाहून नेणाऱ्या बोटीने, गेलो. चाळीस मिनिटं, गाडीच्या लांबीनुसार भाडं, गॅसची टाकी बंद करावी लागते, आणि वारा जास्त असला तर फेरी बंद. निघण्याआधी फोन करा. तेलाच्या विहिरींचे मनोरे पाण्यात उभे होते. काका त्यांच्या पायांवरच्या गंजाबद्दल बोलत होते आणि पेलिकन त्यांच्याकडे बघत होते.

बेटावर दुपारी डोकेदुखीची गोळी शोधताना मी औषधांचं कपाट उघडलं. दाराला आतून एक कागद चिकटवलेला, मावशीच्या अक्षरात:

'गाडी केव्हा विकायची. एक, दोघांपैकी कोणाला पायरी चढायला दुसऱ्याचा हात लागला तर. दोन, दोघांपैकी कोणी दुसऱ्याला न सांगता चालवणं टाळू लागलं तर. तीन, काहीही जोडलेलं असताना गाडी हलली तर.'

खाली दोघांच्या सह्या. मावशी मागे उभी होती. म्हणाली, पहिल्याच हिवाळ्यात लिहिलंय. ठरवायची वेळ येते तेव्हा आपण ठरवायच्या अवस्थेत नसतो, म्हणून आधी. मी कामात याहून वाईट निकष पाहिले आहेत, मोठमोठ्या सह्यांचे. त्या रात्री निखिलदादाला पाठवायचा निष्कर्ष माझ्या मनात जवळजवळ तयार होता: ठेवावी.

मग मिसिसिपीतलं बे सेंट लुइस. इथे दोन रात्री. गाव छोटं, समुद्राला लागून, जुन्या ओकच्या झाडांखाली चालायला छान. मधल्या दिवशी संक्रांत आली. मावशीने ओहायोतूनच तीळ आणि गूळ आणला होता. बाहेर टेबलावर गॅसची शेगडी मांडून लाडू वळले आणि आजूबाजूच्या सहा गाड्यांना वाटले. शेजारी मिनेसोटाची ज्यूडी, तीही निवृत्त, नवऱ्याबरोबर आलेली. मावशीने तिला तिळगूळ घ्या, गोड बोला याचा अर्थ सांगितला. ज्यूडीने नवऱ्याकडे बघून दोन लाडू घेतले आणि म्हणाली, एकाने भागणार नाही. मग तिने वाटीभर कसलासा मका आणि चीजचा प्रकार पाठवला.

ती वाटी हेच निमित्त झालं. सकाळी निघताना मावशी ती परत द्यायला गेली आणि ज्यूडीने तिला बोलण्यात अडकवलं. ऊन चढत होतं, लुइझियाना गाठायचं होतं. काका म्हणाले, तू दे उत्तरं. मी म्हटलं, चालेल.

वीज मी खरंच काढली होती, स्वतःच्या हाताने. मग गाडीच्या बाजूला उभी राहून मी मोबाईलवर निखिलदादाला लिहायला लागले. त्याचा मेसेज आला होता, 'सो? काय वाटतं?'

"पाणी?"

"काढलं," मी म्हणाले. वर न बघता.

बाकीच्या हाका नीट झाल्या. काका चढले, इंजिन सुरू झालं, गाडी चार फूट पुढे गेली. पाण्याचा पाइप ताणला गेला आणि खांबावरचा नळ मुळातून मोडला. पाणी ज्यूडीच्या गाडीच्या छताइतकं उडालं. तिचा नवरा "होल्ड इट, होल्ड इट" म्हणत दोन्ही हात वर करून धावत आला. काकांनी गाडी बंद केली, उतरले, कितीतरी वेळ त्या नळाकडे बघत राहिले. कॅम्पग्राउंडच्या माणसाने मुख्य झडप बंद केली, अर्ध्या तासात नवीन नळ बसवला आणि त्याचे पैसे घेतले. तो अजिबात रागावला नाही. महिन्यातून एकदा होतंच, म्हणाला.

मी सॉरी म्हणाले. विसरले, म्हणाले. कशात गुंतले होते ते सांगितलं नाही.

"वाचणारा जबाबदार असतो," काका म्हणाले. "मी गाडीभोवती फेरी मारायला हवी होती." मग आत जाऊन त्यांनी कपाटाचं दार उघडलं. बाहेर येऊन मावशीला एवढंच म्हणाले, "सुधा, तिसरी ओळ."

 मावशीचे हात ओले होते, ते तिने पदर नसलेल्या कुडत्याला पुसले.

लुइझियानात दलदलीवरून जाणारा तो अठरा मैलांचा पूल बघायला लोक मुद्दाम त्या रस्त्याने जातात. दोन्ही बाजूंना पाण्यात उभी सायप्रसची झाडं, पांढरे बगळे. मावशी चालवत होती. काका शेजारी बसून सरळ समोर बघत होते. चाकाखालून सांधे एकामागून एक वाजत गेले आणि त्यांनी एकाही सांध्याबद्दल काही म्हटलं नाही. अर्ध्या वाटेवर ते म्हणाले की ओहायोला परतलो की निखिलला सांगू, गिऱ्हाईक बघ म्हणावं. मावशीने आरशात पाहिलं. आरशात मी होते.

तीनच्या आत ब्रो ब्रिज गावाजवळ मुक्काम लागला. गाव क्रॉफिश नावाच्या छोट्या खेकडेवजा प्राण्यासाठी प्रसिद्ध आहे. शाकाहारी असाल तर राजमा-भात मागा, पण त्यात सॉसेज नाही ना हे दोनदा विचारा. आम्ही काही मागितलं नाही. मावशीने खिचडी लावली. मी टेबलाशी बसलेल्या काकांसमोर मोबाईल ठेवला.

"मी विसरले नव्हते," मी म्हणाले. "मी बघितलंच नव्हतं. हे लिहीत होते. निखिलदादाने मला तुम्हाला तपासायला पाठवलंय."

काकांनी चष्मा लावला आणि सगळ्या नोंदी वाचल्या. वर, खाली, परत वर. कुकरच्या दोन शिट्ट्या झाल्या.

"संध्याकाळी ब्रेकला उशीर," त्यांनी मोठ्याने वाचलं. "बरोबर आहे. म्हणून तीन."

"मला पहिल्या दिवशीच कळलं होतं," मावशी शेगडीजवळून म्हणाली. "निखिल माझ्या वाढदिवसाला कार्ड पाठवायला विसरतो. तूच बोलून गेलीस की तिकीट त्याने काढलं. तो तुला विमानाचं तिकीट काढून देतो?"

"मग बोलली का नाहीस?"

"तू कधी बोलतेस ते बघत होते. तपासणी काय तुलाच येते?"

 काकांनी मोबाईल माझ्याकडे सरकवला. "आजची नोंद अर्धी आहे. पूर्ण कर."

मी त्यांच्यासमोर लिहिलं: 'बे सेंट लुइस. पाणी जोडलेलं असताना गाडी हलली. उत्तर मी दिलं. माझा हात नळावर नव्हता, फोनवर होता.' काकांनी वाचलं, मान हलवली. पण कपाटावरचा कागद काढतो असं म्हणाले नाहीत. त्यांचं म्हणणं होतं, कागदावर चूक कोणाची असं लिहिलेलंच नाही. गाडी हलली तर विकायची. ती हलली. मावशी म्हणाली, जेवा आधी.

दुसऱ्या दिवशी टेक्सासमध्ये शिरून बोलिव्हार या जिभेसारख्या निमुळत्या जमिनीवर पोहोचलो. घरं उंच खांबांवर, वादळाच्या पाण्यासाठी. समुद्र करडा, वाळू तपकिरी, आणि गाडी थेट किनाऱ्यावर नेता येते. त्यासाठी दुकानात दहा-बारा डॉलरचा परवाना-स्टिकर मिळतो. बिऱ्हाडासारखी जड गाडी मात्र नेऊ नका, रुतेल. तिथून गॅल्व्हेस्टनला जाणारी फेरी फुकट आहे. मागच्या कठड्याशी उभे राहिलात तर डॉल्फिन दिसतात. आम्हाला तीन दिसले.

काका माझ्या बाजूला येऊन उभे राहिले. वाऱ्यात टोपी धरून त्यांनी विचारलं, "तुमच्याकडे चाचणीच चुकीची झाली तर काय करतात?"

"काय चुकलं ते नोंदवतात. ते दुरुस्त करतात. मग परत घेतात."

"निकाल पुसत नाहीत?"

"नाही. तो तसाच राहतो. शेजारी दुसरा लिहितात."

त्यांनी टोपी डोक्यावर घट्ट दाबली. "मग मार्चपर्यंत परत घेऊ," म्हणाले. "एकदा जरी हलली, तर विकली." मग कठड्याच्या लोखंडी पायथ्याकडे बघून वेल्डिंगबद्दल काहीतरी वाईट बोलले. मावशीने गाडीच्या खिडकीतून ते ऐकलं आणि नळ मोडल्यापासून पहिल्यांदा हसली.

गॅल्व्हेस्टनहून ते पुढे कॉर्पस क्रिस्टीकडे गेले. मला ह्यूस्टनहून विमान होतं. निघताना शेवटच्या चौदा उत्तरांसाठी काकांनी मलाच उभं केलं. फोन मावशीच्या पिठाच्या डब्यावर ठेवून मी प्रत्येक गोष्टीला हात लावला आणि मग उत्तर दिलं. नळ थंड होता.

घरी येऊन निखिलदादाला सगळं जसंच्या तसं पाठवलं, माझ्या ओळीसकट. त्याचा फोन लगेच आला. "म्हणजे बेसिकली तू मोडलंस."

"हो."

"आणि तुझं ओपिनियन आहे ठेवा."

"माझं ओपिनियन आहे की त्यांच्याकडे माझ्यापेक्षा चांगली सिस्टिम आहे. तू जाऊन बघ. त्यांना न तपासता."

 मग त्याने विचारलं की फेब्रुवारीत तिकडे हवा कशी असते.

मला या प्रवासातून काय राहिलं, तर हल्ली कामावर निघताना मी इस्त्रीच्या प्लगला हात लावते आणि "काढलं" असं मोठ्याने म्हणते. घरात ऐकायला कोणी नसतं. कामावर मात्र एक बदल मी खरंच करून घेतला: यादी भरणाऱ्याच्या हातात फोन नसतो.

मार्चअखेरीस मावशीचा फोटो आला. ओहायोतल्या डब्लिनमधल्या घराच्या अंगणात बिऱ्हाड उभं, काचेवर धूळ; खाली मावशीने लिहिलं होतं, 'पुन्हा हलली नाही.' दुसरा फोटो काकांच्या कागदाचा. चौदाच्या खाली त्यांच्या अक्षरात पंधरावी हाक होती, 'फोन?', आणि समोर ठरलेलं उत्तर, 'पिठाच्या डब्यावर.' त्यापुढे फेब्रुवारीतल्या एका आठवड्याच्या तारखा आणि बरोबरच्या खुणा होत्या, वाकड्या, घाईच्या. ते अक्षर मी लहानपणापासून ओळखते. निखिलदादाचं.