व्रानासाहेबांच्या नावावरची एकुलती एक ओळ

बोहुमीर व्राना यांना चेक देशातल्या आमच्या ब्रनोच्या ऑफिसात कोणी नावाने हाक मारत नसे. ते 'इंजिनिअरसाहेब'. तिथल्या ऐंशीपैकी सत्तर माणसं इंजिनिअर होती, त्यात मीही होते, पण साहेब एकच. त्यांना जाऊन आता सहा वर्षं झाली. परवा त्यांच्या घराजवळच्या थांब्यावर ट्राम थांबली, दारं उघडली, मिटली, आणि ते चढले नाहीत याचं मला उगाच वाईट वाटलं. म्हणून लिहायला बसले.

आमचं काम ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याचं, म्हणजे कर्नलचं. तो कोसळला की अख्खं यंत्र बंद पडतं, आणि पडता पडता तो शे-दीडशे ओळींचा जबाब मागे ठेवतो. तो वाचायचा आणि मरण कशाने आलं ते शोधायचं. आम्ही बाकीचे पडद्यावर वाचायचो. साहेब मात्र छापून घ्यायचे आणि शिसपेन्सिल घेऊन एकेका आकड्यावर टिंब देत बसायचे. माणसांशी ते कायम 'तुम्ही' म्हणून बोलत, प्रोसेसरला मात्र 'तू' म्हणून शिव्या घालत.

"साहेब, केवढा कागद वाया घालवता," मी नवी असताना एकदा त्यांना टोचून पाहिलं.

"सुलभाबाई, काल तुम्ही दिवसभर पडदा वर-खाली सरकवलात. सापडलं काही?"

सापडलं नव्हतं. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला आणि तिसऱ्या पानावर बोट ठेवलं. तिथेच होतं. मला असा राग आला म्हणून सांगू.

तरुणपणी ते एका ट्रॅक्टरच्या कारखान्यात गणकयंत्राच्या दालनात होते. हातात पाना, कमरेला पुसायचं फडकं. त्यामुळे त्यांचा पहिला प्रश्न सगळ्यांपेक्षा वेगळा असे. आम्ही विचारायचो, काय चालू होतं? ते विचारायचे, कुठल्या लोखंडावर चालू होतं? यंत्राच्या पेटीला ते लोखंडच म्हणत.

आता आमच्या धंद्यातली एक रीत सांगायला हवी. चूक सुधारली की दुरुस्तीच्या खाली एक ओळ लिहावी लागते: ही चूक अमुक जुन्या बदलाने आली, त्याचा क्रमांक हा, शीर्षक हे. क्रमांकावरून तो बदल कोणाचा हे कोणालाही दिसतं. सगळं जगासमोर उघड्यावर चालतं आणि कधी पुसलं जात नाही. मी रुजू झाल्यावर तीनच महिन्यांत माझ्या नावावर पहिली ओळ पडली आणि ती साहेबांनीच लिहिली. मी दोन दिवस त्यांच्याशी बोलले नाही. तिसऱ्या दिवशी माझ्या टेबलावर घरच्या खसखशीच्या बन्सचा डबा होता. मी बोलू लागले, पण डबा संपल्यावर.

साहेबांच्या स्वतःच्या नावावर पंधरा वर्षांत, चारशेच्या वर बदलांत, अशी एकही ओळ नव्हती. त्यांना याचा गर्व नव्हता असं मी म्हणणार नाही. चांगलाच होता. जेवताना कोणी तो विषय काढला की ते ताटातल्या डम्पलिंगचे, म्हणजे कणकेच्या उकडलेल्या गोळ्याचे, तुकडे गरजेपेक्षा सावकाश करत.

त्यांच्या निवृत्तीचा शुक्रवार ठरला होता. त्याच आठवड्याच्या सोमवारी एका दवाखान्याचं प्रकरण आलं. तिथल्या रोग्यांच्या नोंदणीचं यंत्र दर दोन-चार दिवसांनी कोसळत होतं. नोंदणी बंद, जिन्यापर्यंत रांग, आणि कारण काही केल्या समजेना. हे खरं यंत्र नव्हतं. एका मोठ्या यंत्राच्या पोटात अशी दहा-वीस यंत्रं चालवतात. मोठं तो यजमान, पोटातले ते पाहुणे. जबाबात लिहिलं होतं की प्रोसेसरने एक हुकूम ओळखलाच नाही. पण तोच हुकूम त्याने सकाळपासून लाख वेळा पाळला होता.

साहेबांनी दुपारपर्यंत पेन्सिल चालवली आणि मग दवाखान्यात फोन लावला. "पडलं तेव्हा ते कुठल्या लोखंडावर होतं? नाही, कागदावरचं नको. तळघरात जा आणि पेटीवरचं लेबल वाचा."

त्या माणसाने कुरकुरत वाचलं. जबाबाच्या पहिल्या पानावर एका नव्या प्रोसेसरचं नाव होतं, पेटीवर जुन्याचं. साफसफाईसाठी दवाखान्याचे लोक पाहुण्याला चालू स्थितीतच एका यजमानाकडून दुसऱ्याकडे हलवत होते. आमच्या कर्नलने सुरू होतानाच प्रोसेसरला विचारून घेतलं होतं, 'ही करामत येते का तुला?' तो 'येते' म्हणाला, आणि कर्नल ते धरून बसला. पुढे त्याच्याखालचा प्रोसेसरच बदलला, आणि या जुन्याला ती करामत येत नव्हती. आपल्याला कोणी झोपेत दुसऱ्या घरी नेऊन ठेवावं आणि आपण उठून अंधारात जुन्या सवयीने जिना उतरायला जावं, तसं झालं.

"सकाळी एका घरी उठला आणि दुपारी दुसऱ्याच्या घरी मेला बिचारा," साहेब हसत म्हणाले. "दुरुस्ती तुम्ही लिहा, सुलभाबाई. मला टेबल आवरायचंय."

दुरुस्ती सोपी होती. घर बदललं की कर्नलला निरोप मिळतो. तो मिळाला की पुन्हा विचारायचं, एवढंच. मग एकदाच विचारण्याचा शहाणपणा कोणाचा, ते पाहायला मी जुना इतिहास उघडला. बदल अकरा वर्षांपूर्वीचा होता. लिहिणाऱ्याचं नाव बोहुमीर व्राना.

मी दोन दिवस ती दुरुस्ती धरून बसले. दवाखान्याला थांबवणं शक्य नव्हतं. पण ती ओळ? फक्त ओळच गाळली तर कोणाचं काय बिघडतं, असं मी स्वतःला सांगितलं. ज्या माणसाने मला जबाब वाचायला शिकवला, त्याने पाटी कोरी घेऊन घरी जावं, एवढंच मला हवं होतं. बुधवारी मी ओळ न घालता दुरुस्ती पाठवून दिली.

गुरुवारी सकाळी सगळ्या जगाला दिसेल असं साहेबांचं उत्तर आलं होतं. 'दुरुस्ती बरोबर आहे. चुकीच्या मुळाची ओळ राहिली आहे. मूळ चूक माझी. क्रमांक खाली देत आहे.'

मी तडक त्यांच्या टेबलाशी गेले. "एक दिवस गप्प बसला असतात तर आभाळ कोसळलं असतं का?"

"आभाळ नाही. दवाखाना कोसळला असता." ते खोक्यात पुस्तकं भरत होते, मान वर न करता म्हणाले, "त्यांच्याकडची आवृत्ती किती जुनी आहे?"

"सहा वर्षं."

"आणि जुन्या आवृत्त्या सांभाळणारे लोक कोणती दुरुस्ती मागे न्यायची, ते कशावरून ठरवतात?"

ते ठरवतात त्या ओळीवरून. ओळीतला बदल ज्या ज्या आवृत्तीत आहे, तिथे तिथे दुरुस्ती जाते. मी ओळ गाळली म्हणजे दुरुस्ती फक्त नव्या आवृत्तीत जाणार, आणि दवाखान्यातली रांग जिन्यावर तशीच राहणार. प्रेमापोटी केलं म्हणा किंवा मूर्खपणाने, मी रोग सोडून वैद्याची अब्रू सांभाळत बसले होते. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"कारखान्यात आमचा प्रोसेसर कपाटाएवढा होता," साहेब म्हणाले. "हलवायला सहा माणसं आणि एक क्रेन. तो चालता चालता बदलेल हे माझ्या डोक्यातच आलं नाही. म्हणून एकदाच विचारलं. तुमच्या वयाच्या माणसाने दोनदा विचारलं असतं." त्यांनी चष्मा काढून पुसला. "वाईट वाटतंय हो. नाही कशाला म्हणू?"

मी दुपारी ओळ घालून दुरुस्ती पुन्हा पाठवली. तिच्याखाली 'तपासली: बोहुमीर व्राना' असं त्यांनी लिहिलं. नोकरीतलं ते त्यांचं शेवटचं काम.

शुक्रवारी दुपारी निरोपाला सगळे जमले. तिखट मिरची आणि अंडं ठेवलेले पावाचे तुकडे होते, आलुबुखाराची घरगुती दारू होती. आमच्या वरिष्ठ यित्काबाईंनी केकचं खोकं उघडलं आणि त्यांचा चेहराच पडला. केक त्यांनी पंधरा दिवसांपूर्वी सांगितला होता. त्यावर चॉकलेटचं भलं मोठं शून्य होतं. ते कशाचं, हे खोलीतल्या प्रत्येकाला कळत होतं. कोणी कोणाकडे बघेना.

साहेबांनी सुरी घेतली. ते शून्य त्यांनी कडेने मोकळं केलं, न मोडता उचललं आणि माझ्या ताटलीत ठेवलं.

"हे सुलभाबाईंना," ते म्हणाले. "लपवायची एवढी हौस आहे ना? मग पोटात लपवा."

सगळे हसले, यित्काबाई तर डोळे पुसेपर्यंत हसल्या. मी तिथेच उभी राहून ते शून्य खाल्लं, आणि खाता खाता मला रडू फुटलं. साहेब समोरून हलले नाहीत. ताटली रिकामी झाली, तेव्हाच त्यांनी स्वतःसाठी केकचा तुकडा कापला.